दुव्यांची साक्ष : शोधयंत्रे साक्षीदार पारखायला कशी शिकली?

#धागा

१/२७
एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील एखाद्या शाळकरी मुलाने गूगलवर ‘मार्टिन ल्यूथर किंग’ हे नाव शोधले, की वरच्या मोजक्या निकालांत त्याला एक संकेतस्थळ दिसे. पत्त्यात किंग यांचेच पूर्ण नाव आणि शेवटी सेवाभावी संस्थांना शोभणारे ‘ऑर्ग’. मांडणी वरवर आदरांजलीची; आत मात्र किंग यांची पद्धतशीर बदनामी. हे स्थळ १९९९ मध्ये सुरू केले होते ‘स्टॉर्मफ्रंट’ या गोऱ्यांच्या वर्णवर्चस्वाचा पुरस्कार करणाऱ्या गटाने.

२/२७
ते इतके वर कसे पोहोचले? त्याला वर चढवणाऱ्यांत ग्रंथपाल आणि शिक्षकही होते. ‘आंतरजालावरील माहिती डोळे झाकून स्वीकारू नका’ हे शिकवताना अमेरिकेतील कित्येक ग्रंथालयांची पाने याच स्थळाचे उदाहरण देत आणि त्याचा दुवा, म्हणजे लिंक, जोडत. विद्यार्थ्यासाठी तो दुवा धोक्याचा इशारा होता. शोधयंत्राच्या हिशेबात मात्र ती एका प्रतिष्ठित संस्थेने दिलेली अनुकूल साक्ष ठरत होती.

३/२७
एका पानाने दुसऱ्याचा उल्लेख केला, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? शिफारस, निषेध, सौजन्य, की पैसे मोजून मिळवलेली स्तुती? शोधयंत्रे दुव्यांची प्रत कशी ठरवतात, याचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. या इतिहासाचा आरंभ संगणकाच्या फार आधी, अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या वकिलांकडे असलेल्या निवाड्यांच्या जाडजूड ग्रंथांत सापडतो.

४/२७
इंग्रजी वळणाच्या न्यायपद्धतीत जुना निवाडा पुढच्या खटल्यात आधार म्हणून दाखवता येतो. पण तो निवाडा आजही ग्राह्य आहे की वरच्या न्यायालयाने मोडीत काढला आहे, हे जुन्या ग्रंथावरून कळत नाही. १८७३ मध्ये फ्रँक शेपर्ड यांनी यावर तोडगा काढला. त्यांनी डिंक लावलेल्या छापील चिठ्ठ्या विकायला काढल्या. वकिलाने त्या निवाड्याच्या समासात चिकटवायच्या. त्या निवाड्याचा उल्लेख नंतर कोणकोणत्या खटल्यांत झाला, याची यादी चिठ्ठीवर असे.

५/२७
पुढे चिठ्ठ्यांच्या जागी ग्रंथरूप सूची आल्या. त्यांत उल्लेखाशेजारी एक लहानसे अक्षर छापलेले असे. एका अक्षराचा अर्थ ‘अनुसरला’, दुसऱ्याचा ‘शंका घेतली’, तिसऱ्याचा ‘टीका केली’, चौथ्याचा ‘रद्द ठरवला’. उल्लेख झाला एवढेच सांगून शेपर्ड यांची सूची थांबत नसे. तो कोणत्या हेतूने झाला, हेही ती सांगे. न्यायालयात उभे राहण्यापूर्वी ही सूची पाहणे इतके अंगवळणी पडले, की अमेरिकेतील वकिली बोलीत ‘शेपर्डाइझ करणे’ असे क्रियापदच रूढ झाले.

६/२७
१९५३ मध्ये या कंपनीचे निवृत्त उपाध्यक्ष विल्यम अडेर यांनी यूजीन गारफील्ड या तरुण संशोधकाला पत्र लिहून ही पद्धत कळवली. गारफील्ड तेव्हा वैज्ञानिक लेखांची सूची कशी करावी, या विवंचनेत होते. १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी विज्ञानासाठी अशाच संदर्भसूचीची कल्पना मांडली. १९६४ मध्ये त्यांच्या फिलाडेल्फियातील संस्थेने ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ बाजारात आणला. त्याच्या पहिल्या संचात ६१३ नियतकालिकांतील संदर्भ गोळा केलेले होते.

७/२७
वकिलांच्या सूचीतून विज्ञानाच्या सूचीत येताना एक गोष्ट मात्र गळून पडली : ते लहानसे अक्षर. लाखो संदर्भ वाचून प्रत्येकाचा हेतू नोंदवणे परवडण्याजोगे नव्हते. त्यामुळे एखाद्या लेखाचा आधार घेतलेला असो की त्याचे खंडन केलेले असो, सूचीत दोन्ही नोंदी सारख्याच. हा आक्षेप गारफील्ड यांच्या हयातीत वारंवार घेतला गेला. किंग यांच्या नावाच्या त्या स्थळाला पुढे जो लाभ मिळाला, त्याचे मूळ या गळालेल्या अक्षरात होते.

८/२७
१९७६ मध्ये गॅब्रिएल पिन्स्की आणि फ्रान्सिस नारिन यांनी आणखी एक पाऊल टाकले. सर्व संदर्भ समान मोलाचे का मानावेत? ज्या नियतकालिकाला स्वतः वजन आहे, त्याने केलेला उल्लेख अधिक मोलाचा धरावा. पण त्या नियतकालिकाचे वजन कशावरून ठरवायचे? त्याचा उल्लेख करणाऱ्यांच्या वजनावरून! हे चक्र गोलाकार वाटते. गणिताने मात्र ते सुटते. साक्षीदाराच्या पतीवरून साक्षीचे मोल ठरवण्याची ही रीत वीस वर्षांनी महाजालावर अवतरली.

९/२७
१९९०च्या दशकाच्या मध्यावर महाजालाचा विस्तार झपाट्याने होत होता आणि लायकॉस, एक्साइट, अल्टाविस्टा यांसारखी शोधयंत्रे त्याचा माग काढू पाहत होती. पाने निवडताना त्यांचा मुख्य भर पानावरील शब्दांवर असे. हे लक्षात येताच पानाच्या पार्श्वभूमीच्या रंगातच हवा तो शब्द शेकडो वेळा लिहून ठेवण्याची युक्ती पसरली. वाचकाला काहीच दिसत नसे. यंत्राला मात्र तो शब्द पानभर भरलेला दिसे. नोव्हेंबर १९९७ मध्ये चार आघाडीच्या शोधयंत्रांपैकी तिघांना तर स्वतःचेच नाव शोधल्यावर पहिल्या दहांत स्वतःचे पान सापडत नव्हते.

१०/२७
पान स्वतःविषयी काय म्हणते यावर विसंबण्यापेक्षा इतर पाने त्याच्याविषयी काय म्हणतात, ते पाहावे, हा विचार याच सुमारास अनेकांना सुचला. रॉबिन ली यांनी १९९६ मध्ये न्यू जर्सीत ‘रँकडेक्स’ नावाची पद्धत बांधली. दुवे आणि दुव्यांवर लिहिलेले शब्द यांवरून ती पानांचा क्रम लावी. याच ली यांनी २००० मध्ये बीजिंगमध्ये ‘बायडू’ हे शोधयंत्र स्थापन केले.

११/२७
जॉन क्लाइनबर्ग यांनी या विचाराची गरज नेमकी दाखवली. होंडा किंवा टोयोटा यांच्या मुखपृष्ठावर ‘मोटार-उत्पादक’ हा शब्द असेलच असे नाही, आणि प्रतिस्पर्धी एकमेकांना दुवेही देत नाहीत. त्यांना जोडतात ती तिसऱ्याच कुणी केलेली याद्यांची पाने. उत्तम पानांकडे नेणारी ती उत्तम यादी आणि उत्तम याद्यांनी दाखवलेले ते उत्तम पान, अशी परस्परावलंबी मोजणी त्यांनी मांडली. हा विचार १९९८च्या आरंभी विद्वानांपुढे आला.

१२/२७
त्याच काळात स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन ‘बॅकरब’ या प्रकल्पावर काम करत होते. नावातच कल्पना होती : एखाद्या पानाकडे मागून कोण बोट दाखवते, ते शोधणे. त्यातून ‘पेजरँक’ जन्मला. १९९८च्या मूळ शोधनिबंधावर पेज, ब्रिन आणि टेरी विनोग्रॅड यांच्यासह राजीव मोटवानी यांचेही नाव आहे. मोटवानी हे जम्मूत जन्मलेले आणि आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले संगणकशास्त्रज्ञ होते.

१३/२७
पेजरँकचे गणित उदाहरणाने समजते. एका पानाचे वजन १ आहे आणि त्यावर चार दुवे आहेत, तर प्रत्येकाच्या वाट्याला पाव वजन येते. चारशे दुवे असतील तर प्रत्येकाला मिळतो चारशेवा भाग. सारखी खिरापत वाटणाऱ्याच्या शब्दाला किंमत कमी! शिवाय कंटाळलेला वाचक दुवे सोडून मध्येच भलत्या पानावर उडी मारतो, हेही गृहीत धरलेले असे. दुव्यावरून पुढे जाण्याची शक्यता साधारण ८५ टक्के मानली जाई. ३२ कोटी २० लाख दुव्यांवर हा हिशेब सुमारे ५२ फेऱ्यांत स्थिरावला.

१४/२७
त्याच शोधनिबंधात लबाडीचाही विचार होता. मोठे वजन मिळवायचे तर एखाद्या महत्त्वाच्या पानाचे किंवा पुष्कळ सामान्य पानांचे मन वळवावे लागेल. फार तर कुणी मोठ्या स्थळांवर दुवे विकत घेईल. पण त्याला पैसे पडतात, म्हणून तो प्रकार आटोक्यात राहील, असा लेखकांचा अदमास होता. पुढील पंधरा वर्षांचा इतिहास हा या अदमासाच्या पराभवाचा इतिहास आहे.

१५/२७
डिसेंबर २००० मध्ये गूगलने ब्राउझरला जोडता येणारी एक पट्टी, म्हणजे टूलबार, प्रसिद्ध केली. उघडलेल्या पानाचा पेजरँक त्यात ० ते १० या श्रेणीत दिसू लागला. आजवर यंत्राच्या पोटात असलेली पत आता कपाळावर कोरली गेली, आणि पत दिसू लागताच तिचा भाव ठरू लागला. आठ अंकाच्या पानावरील दुवा महाग, तीन अंकाच्या पानावरील स्वस्त. दुव्यांचे दलाल उभे राहिले.

१६/२७
ओक्लाहोमा राज्यातील ‘सर्चकिंग’ ही कंपनी असेच दुवे मिळवून देण्याचा व्यवसाय करी. २००२ मध्ये तिचा टूलबारवरील अंक एकाएकी घसरला आणि तिने गूगलवर दावा लावला. २००३ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने तो फेटाळला. पेजरँक हे एक मत आहे आणि मत व्यक्त करण्याला अमेरिकेच्या राज्यघटनेचे संरक्षण आहे, असा निर्णय झाला. गणिताने निघालेला अंक कायद्याच्या दृष्टीने कुणाचे तरी मत ठरला, ही या इतिहासातील महत्त्वाची घटना आहे.

१७/२७
पैसा न लागणारी लबाडीही होती. २००३ मध्ये ‘मिझरेबल फेल्युअर’, म्हणजे ‘दारुण अपयश’, या शब्दांवर दुवा देऊन तो राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या अधिकृत चरित्राकडे वळवण्याची मोहीम निघाली. थोड्याच काळात ते शब्द शोधणाऱ्याला पहिलाच निकाल बुश यांचा मिळू लागला. त्या पानावर ते शब्द नव्हतेच. दुव्यांवरील शब्दांनी ती ओळख बाहेरून चिकटवली होती. गूगलने अशा ‘बाँब’वर जानेवारी २००७ मध्ये तांत्रिक उपाय केला.

१८/२७
तेव्हा साक्षी मोजण्याइतकेच साक्षीदार तपासणे निकडीचे झाले. पहिली कसोटी स्वातंत्र्याची. इतिहासाच्या अभ्यासकाला ती ओळखीची आहे : एकाच बखरीच्या दहा नकला म्हणजे दहा पुरावे नव्हेत. आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले कृष्ण भारत यांनी जॉर्ज मिहाइला यांच्यासह मांडलेल्या ‘हिलटॉप’ पद्धतीत हेच तत्त्व होते. ज्या स्थळांचे जालपत्ते वा नावे एकाच घरची दिसतात, ती परस्परसंबंधित मानायची. आणि साक्ष धरायची ती त्या विषयातील, पण संबंध नसलेल्या जाणकार पानांची.

१९/२७
दुसरी कसोटी कुळाची. २००४ मध्ये स्टॅनफर्डचे झोल्टान ग्योंग्यी व हेक्टर गार्सिया-मोलिना आणि याहूचे यान पेडरसन यांनी ‘ट्रस्टरँक’ मांडला. माणसांनी पारखून घेतलेली दोनशेहून कमी विश्वासार्ह स्थळे बीज म्हणून घ्यायची आणि त्यांच्या दुव्यांवरून विश्वास पुढे झिरपू द्यायचा. प्रत्येक टप्प्यावर तो थोडा विरळ होतो. सज्जन स्थळे कपटी स्थळांकडे क्वचितच बोट दाखवतात, हे निरीक्षण त्यामागे होते. एकमेकांनाच दुवे देणाऱ्या टोळ्या या झऱ्यापासून दूरच कोरड्या राहतात.

२०/२७
तिसरी कसोटी जागेची. गूगलच्या २०१० मध्ये मंजूर झालेल्या एका पेटंटात असा विचार आहे, की पानावरील सर्वच दुवे वाचक सारख्या उत्सुकतेने दाबत नाहीत. लेखाच्या ओघात आलेला दुवा आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत कोंबलेला दुवा यांचे वजन वेगळे असू शकते. पेजरँकमधील वाचक कुठलाही दुवा उचलत होता. या पेटंटातील वाचक समंजस होता.

२१/२७
दरम्यान १८ जानेवारी २००५ रोजी गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येऊन ‘नोफॉलो’ ही खूण स्वीकारली. दुव्याच्या संकेतात हा शब्द लिहिला, की ‘हा उल्लेख आहे, शिफारस नाही’ असे यंत्राला कळे. तिचे तात्कालिक कारण होते अभिप्रायांच्या रकान्यांत ओतला जाणारा जाहिरातींचा कचरा. पण तिचा अर्थ अधिक खोल होता : शेपर्ड यांच्या सूचीतील अक्षर सुमारे एकशे तीस वर्षांनी, अर्धेमुर्धे का होईना, परत आले होते. २००७ मध्ये विकिपीडियाने आपल्या बाहेर जाणाऱ्या दुव्यांना ही खूण लावली.

२२/२७
अर्धेमुर्धे, कारण निषेधाचे कोडे सुटले नव्हते. नोव्हेंबर २०१० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने चष्मे विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानदाराची कथा छापली. तो ग्राहकांना धमकावी, आणि त्यांच्या संतप्त तक्रारींमुळे आपले स्थळ वर चढते, अशी बढाई मारी. काही दिवसांतच गूगलने निकालांत बदल केला. मात्र ज्यांच्याविषयी वाईट बोलले जाते ती सर्व पाने खाली ढकलली, तर अनेक लोकप्रतिनिधींची माहितीही सापडणार नाही, हेही गूगलने तेव्हाच स्पष्ट केले.

२३/२७
फेब्रुवारी २०११ मध्ये त्याच वृत्तपत्राने ‘जे. सी. पेनी’ या बड्या दुकानसाखळीचे प्रकरण उघड केले. कपड्यांपासून गालिच्यांपर्यंत अनेक शब्दांना तिचे नाव महिनोन्महिने पहिले येत होते. तिच्याकडे नेणारे दुवे दोन हजारांहून अधिक पानांवर पेरलेले होते, आणि त्या पानांचे विषय मासेमारी, विनोद, दंतवैद्यक असे भलतेच. यात आपला हात नसल्याचे कंपनीने सांगितले. गूगलच्या कारवाईनंतर ५९ शब्दांसाठीचे तिचे सरासरी स्थान दहा दिवसांत १.३ वरून ५२ वर गेले.

२४/२७
२४ एप्रिल २०१२ रोजी ‘पेंग्विन’ आला. विकत घेतलेल्या, ठरवून पेरलेल्या, एकाच साच्यातील शब्दांच्या दुव्यांवर उभी असलेली स्थळे त्याने खाली आणली. इंग्रजीतील सुमारे ३.१ टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल, असे गूगलने सांगितले. वाईट दुवा आता केवळ निरुपयोगी राहिला नाही. तो अपायकारक झाला. ऑक्टोबरमध्ये नको असलेले दुवे नाकारण्याचे साधनही गूगलने दिले. वर्षानुवर्षे दुवे विकत घेणारे आता ते काढून टाका म्हणून विनवू लागले.

२५/२७
पण दुसऱ्याने आपल्याविषयी दिलेल्या साक्षीची शिक्षा आपल्याला का? प्रतिस्पर्ध्याने मुद्दाम कचरा-दुवे आपल्या दारात आणून टाकले तर? ही भीती निराधार म्हणता येत नव्हती. शिवाय एकदा खाली गेलेल्या स्थळाने दोष दुरुस्त केला, तरी पेंग्विनच्या पुढच्या फेरीपर्यंत सुटका नसे. ऑक्टोबर २०१४ नंतरची फेरी आली ती थेट सप्टेंबर २०१६ मध्ये. शोधावरच गिऱ्हाईक अवलंबून असलेल्या छोट्या व्यावसायिकाला दोन वर्षे हा फार मोठा काळ होता. २०१६ मध्ये पद्धत बदलली : तपासणी अखंड होऊ लागली आणि खोट्या दुव्यासाठी स्थळाला पाडण्याऐवजी त्या दुव्याचे मोल शून्य धरण्यावर भर आला. टूलबारवरील अंकही त्याच वर्षी नाहीसा झाला.

२६/२७
सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलने आणखी दोन खुणा जाहीर केल्या : ‘स्पॉन्सर्ड’, म्हणजे पैसे घेऊन दिलेला दुवा, आणि ‘यूजीसी’, म्हणजे वाचकांनी लिहिलेल्या मजकुरातील दुवा. त्याबरोबर या खुणांना आदेश न मानता सूचना मानले जाईल, असेही सांगितले. यामागचे कारण शेपर्ड यांच्याशी तुलना केली की कळते. त्यांच्या सूचीतील अक्षर त्रयस्थ संपादक लावत असे. दुव्यावरील खूण मात्र दुवा देणाराच लावतो. साक्षीदाराने स्वतःलाच दिलेले प्रमाणपत्र पुन्हा तपासावे लागते. डिसेंबर २०२२ पासून गूगलची ‘स्पॅमब्रेन’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा खोटे दुवे हुडकून निष्प्रभ करण्यासाठी वापरली जाऊ लागली.

२७/२७
किंग यांच्या नावाने फसवणाऱ्या स्थळाचे उदाहरण आज एखाद्या ग्रंथपालाला द्यायचे झाले, तर तो दुव्याला ‘नोफॉलो’ लावू शकतो. ‘हे खोटे आहे’ असे सांगणारी खूण मात्र अजूनही त्याच्याजवळ नाही. ‘माझी साक्ष धरू नका’ एवढेच तो यंत्राला सांगू शकतो. साक्षीदार किती, ते परस्परांपासून स्वतंत्र आहेत का, त्यांची पत काय आणि त्यांना मोबदला मिळाला का, एवढे यंत्र बऱ्याच अंशी पारखू लागले आहे. ते नेमके काय म्हणाले आणि ते खरे आहे का, हे पाहण्यासाठी वाचकाला दुवा उघडून मूळ पान वाचावेच लागते, जसे वकिलाला चिठ्ठी पाहिल्यावर निवाडा वाचावा लागत असे.

(धागा समाप्त)
#इतिहास #शोधयंत्रे #मराठी